लेकीला फ्रेडराइक्स अटॅक्सिया आहे, शाळेशी काय काय बोलून ठेवू?

अबोली

नमस्कार. लिहू की नको असं करत बरेच दिवस गेले. माझी मुलगी सातवीत आहे, जूनमध्ये आठवीत जाईल. गेल्या दिवाळीत तिचं निदान झालं: फ्रेडराइक्स अटॅक्सिया. हा नसांचा, तोल जाण्याचा आजार दुर्मीळ आहे आणि वाढत जाणारा आहे. डॉक्टरांकडून औषधोपचाराचं बरंच समजलं, पण शाळेचं काय करायचं ते कुणीच नीट सांगत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडं मागचं सांगते, कदाचित दुसऱ्या कुणाच्या लवकर लक्षात येईल. सुरुवात परिपाठापासून झाली. पाचवीत असताना बाईंची तक्रार यायची की ही प्रार्थनेला सरळ उभी राहत नाही, डुलते, शेजारच्या मुलीचा हात धरते. मी घरी आल्यावर तिलाच रागवायचे. मग एके दिवशी प्रार्थना चालू असतानाच ती पुढच्या फरशीवर आपटली, हनुवटीला तीन टाके पडले. न्यूरॉलॉजिस्टांनी पहिल्या भेटीत तिला सांगितलं, "पाय जुळव, हात खाली सोड, आता डोळे मिट." दोन सेकंदांत ती डुलायला लागली आणि डॉक्टरांनी तिला धरलं. माझ्या पोटात गोळाच आला. 'सावधान' आणि 'डोळे मिटा', हेच तर ती दोन वर्षं रोज सकाळी करत होती. आणि आम्ही सगळे तिला नीट उभी राहा म्हणत होतो.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपला पाय कुठे टेकलाय, घोटा किती वाकलाय, हे मेंदूला कळवणाऱ्या नसा या आजारात झिजतात. डोळे उघडे असले की मूल बघून तोल सांभाळतं. अंधार झाला, डोळे मिटले, तोंडाला साबण लावला, की तो आधार जातो. मेंदूचा तोल सांभाळणारा भागही हळूहळू बाधित होतो. पेशींना ऊर्जा तयार करायला फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन लागतं, ते हिच्या शरीरात फार कमी बनतं. आम्ही दोघंही या जनुकाचे वाहक निघालो. आम्हाला स्वतःला काहीच त्रास नाही, घराण्यात कुणाला नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. धाकट्याची तपासणी करायची की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

बुद्धीला मात्र काही होत नाही, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. ती गणितात वर्गात पहिली किंवा दुसरी असते. अक्षर वेडंवाकडं झालंय, जिना चढताना कठडा लागतो, दुपारनंतर गळून जाते.

आता प्रश्न. आठवीचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि शाळेला लिफ्ट नाही. मुख्याध्यापिका वाईट बोलल्या नाहीत, पण म्हणाल्या, "एवढा त्रास कशाला देता तिला? घरीच अभ्यास करू दे, परीक्षेपुरतं आणा." लेक रात्रभर रडली. दुसरं म्हणजे, वर्गातल्या मुलांना सांगायचं का? आणि लेखनिक आत्तापासून घ्यावा का? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.


झेडपी_मास्तर

ताई, घरी बसवू नका. सगळ्यात आधी हेच सांगतो.

मी जिल्हा परिषद शाळेत एकोणीस वर्षं शिकवतोय, सांगोल्याकडे. माझ्या वर्गात तोल जाणारा एक मुलगा होता, आजार वेगळ्या नावाचा पण प्रकार असाच. आम्ही तेव्हा एकच गोष्ट केली. सातवीचा वर्ग खाली आणला आणि तिसरीचा वर नेला. सामान हलवायला एक दुपार लागली. बाके मुलांनीच उचलली. दोन खोल्यांची अदलाबदल करायला सरकारी मंजुरी लागत नाही, मुख्याध्यापकांच्या मनात यावं लागतं. तुम्ही शाळेत 'लिफ्ट नाही' हा विषयच काढू नका, 'वर्ग खाली आणा' एवढंच मागा.

घरी शिकण्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवतो. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय दिलाय, पण तो निवडण्याचा हक्क मुलाचा आणि पालकांचा. शाळेने तो पुढे करायचा नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये स्पष्ट आहे की मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि इमारत, आवार, सोयी त्याला वापरता येतील अशा कराव्यात. भांडायला जाऊ नका, पण हे कलम अर्जात लिहा. लेखी अर्ज दिला की त्याची नोंद होते आणि उत्तर द्यावं लागतं.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात, समग्र शिक्षा योजनेतून. त्यांना शाळेत बोलवा. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य, हे त्यांच्याकडूनच मिळतं. आमच्याकडे त्या मॅडम आल्या आणि त्यांनी निम्म्या गोष्टी खडू घेऊन तिथल्या तिथे दाखवल्या. पायरीच्या कडेला रंगाचा पट्टा मारा म्हणाल्या, म्हणजे पायरी कुठे संपते ते मुलाला दिसतं. पिवळा ऑइल पेंट, पावशेराचा डबा. काम झालं.


चाकांवरचा

अबोलीताई, मी एकतीस वर्षांचा आहे आणि मला हाच आजार आहे. नवव्या वर्षी सुरू झाला, चौदाव्या वर्षी निदान झालं, बावीसाव्या वर्षापासून व्हीलचेअर. घरून जीएसटी आणि आयकर विवरणांचं काम करतो. हे टाइप करायला मला वेळ लागतो, त्यामुळे तुकड्या-तुकड्यांत लिहितोय.

शाळेतली सगळ्यात वाईट आठवण चालण्याची नाही, संडासाची आहे. आमच्या शाळेत सगळे देशी पद्धतीचे. मला उकिडवं बसता यायचं नाही, बसलो तर उठता यायचं नाही. एकदा आत अर्धा तास अडकलो. त्यानंतर मी सकाळपासून पाणी प्यायचंच बंद केलं. पाच वर्षं. बद्धकोष्ठता, लघवीला जळजळ, सगळं झालं आणि घरी कुणाला सांगितलं नाही. या आजारात लघवीची घाईही होते, थांबवता येत नाही. तिची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते का, ते एकदा बघा. येत असेल तर कारण हेच असणार. मुलगी आहे, पाळी सुरू होईल किंवा झालीही असेल. तिला विचारताना आईनेच विचारावं. कमोडची खुर्ची आणि भिंतीला एक घट्ट दांडी, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

दुसरं, 'दारू पिऊन आलाय'. हे मला आठवीत वर्गातली मुलं म्हणायची, बारावीनंतर रस्त्यावरचे लोक म्हणायला लागले, एकदा पोलीसही म्हणाला. चालणं झोकांड्या खातं आणि बोलणं जड होतं, त्यामुळे तसं दिसतं. वर्गाला आधी सांगितलं असतं तर निदान वर्ग तरी वाचला असता.

तिसरं, कान. हे डॉक्टरसुद्धा पटकन सांगत नाहीत. माझी ऐकण्याची तपासणी नॉर्मल यायची, पण गोंगाटात शब्द कळायचे नाहीत. आवाज ऐकू येतो, पण शब्द सुटे होत नाहीत. पंखा घरघरतोय, बाहेर पीटीचा तास चाललाय, बाई फळ्याकडे तोंड करून बोलतायत, की माझा अख्खा तास गेला. लक्ष देत नाही म्हणून उभं करायचे. उभं राहणं हीच तर माझी अडचण होती. तिला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा. बाईंना सांगा की तोंड वर्गाकडे ठेवून बोला आणि महत्त्वाचं ते फळ्यावर लिहा.

आणि बोलण्याचं. मी वाक्य सुरू केलं की लोक ते पूर्ण करतात, चांगल्या हेतूने करतात. पण तोंडी परीक्षेत बाईंनी वाक्य पूर्ण केलं की ते उत्तर माझं राहत नाही. थांबा म्हणावं. मला उत्तर येत असतं, फक्त यायला वेळ लागतो.


तळपाय

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. वर फार महत्त्वाचं लिहिलंय, त्यात थोडी भर.

दप्तर. या आजारात बऱ्याच मुलांचा पाठीचा कणा वाढीच्या वयात बाजूला वाकायला लागतो. एका खांद्यावरचं जड दप्तर तोलही घालवतं. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी. जुनी पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलांकडून सहज मिळतात.

बाक. तिचे पाय जमिनीला पूर्ण टेकतात का बघा. टेकत नसतील तर पायाखाली लाकडी पाट ठेवा. पाय लोंबकळले की कमरेपासून वरचं शरीर अस्थिर होतं आणि मग अक्षर अजून बिघडतं. मुलं लिहिताना दुसऱ्या हाताने बाकाची कड घट्ट धरतात ती त्यासाठीच. असं धरलेलं दिसलं की ओरडू नका, वही सरकू नये म्हणून खाली रबरी चटई द्या.

चपला नकोत. टाचेला धरून ठेवणारे बूट हवेत. या मुलांच्या तळव्याची कमान उंच होत जाते, बोटं आखडतात, तेव्हा दर काही महिन्यांनी मापं घ्या.

पीटीचा तास बंद करू नका, पण हृदयाची तपासणी झाल्याशिवाय धावायला लावू नका. यात हृदयाचे स्नायू जाड होऊ शकतात. ईसीजी आणि टूडी इको वेळच्या वेळी, साधारण वर्षातून एकदा, आणि धाप, छातीत धडधड, चक्कर असं काही झालं तर शाळेने लगेच फोन करायचा. काहींना मधुमेहही होतो. अचानक खूप तहान, खूप लघवी, वजन कमी, तर साखर तपासा. वर्गशिक्षिकेच्या वहीत हे चार ओळींत लिहून ठेवलेलं असावं.

एक प्रश्न विचारते, राग मानू नका. तिची ई जीवनसत्त्वाची पातळी तपासली होती ना? अगदी असाच दिसणारा एक अटॅक्सिया ई जीवनसत्त्व कमी असल्यामुळे होतो आणि त्यावर उपचार आहे. तुमचं जनुकीय निदान झालंय, पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.


अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. तळपाय, हो, ती तपासणी झाली होती, पातळी ठीक आली.

जनुकीय तपासणीचंही सांगते, कारण आमचं त्यात जवळजवळ वर्ष गेलं. आधी एका ठिकाणी एक्झोम तपासणी, म्हणजे एकदम सगळ्या जनुकांची तपासणी, करायला लावली. भरपूर पैसे गेले आणि अहवाल नॉर्मल. आम्ही देवाला नारळ फोडला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात 'जीएए' ही तीन अक्षरं जनुकात शेकडो वेळा पुन्हा पुन्हा येतात, आणि ती पुनरावृत्ती नेहमीच्या एक्झोम तपासणीत दिसत नाही. त्यासाठी वेगळी, नेमकी तपासणी मागावी लागते. ती केली आणि कळलं.

चाकांवरचा, तुमचं वाचून मी उठून तिचं दप्तर उघडलं. बाटली भरलेली होती.


रानफूल

अबोली, वाईट वाटलं वाचून. माझ्या नणंदेच्या ओळखीत एका मुलाला स्टेम सेलचे इंजेक्शन देतात, पाच बैठकांत फरक पडतो म्हणे. खर्च आहे, पण मुलापुढे पैसा काय? नंबर हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.


तळपाय

रानफूल, तुम्ही मायेने लिहिलंय हे कळतं. पण कृपया हा सल्ला देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो फक्त मंजूर वैद्यकीय चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजून जायचं. माझ्याकडे जमीन विकून आलेली दोन कुटुंबं आहेत. त्या पैशांत चांगली व्हीलचेअर, घरातला उतार, न्हाणीघरातल्या दांड्या आणि कित्येक वर्षांचे व्यायाम झाले असते.


रानफूल

माहीत नव्हतं. नंबर देत नाही. नणंदेलाही सांगते.


एडिसनकर

मी न्यू जर्सीत असते, इथे शाळेत मदतनीस म्हणून काम करते. इथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ खाली शाळा मुलासाठी लेखी आराखडा करते. त्यातली तुम्हाला तिथे उचलता येईल अशी एक गोष्ट म्हणजे एक पानाचा कागद. मुलाला काय लागतं, कोण काय करणार, अडचण आली तर फोन कुणाला, पुन्हा कधी बसायचं. शिक्षक बदलले, बदलीचे आले, तरी कागद राहतो. दरवर्षी नव्याने रडत सगळं सांगावं लागत नाही. आणि आजार वाढणारा आहे म्हणून कागदात नेहमी पुढच्या वर्षाचंही लिहायचं. ज्या दिवशी तिला जिना अजिबात जमणार नाही त्या दिवशी मीटिंग बोलवून उपयोग नाही, तोवर ती दोनदा पडलेली असते.

औषधाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: ओमाव्हेलोक्सोलोन नावाच्या औषधाला इथे एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली, या आजारावरचं पहिलंच. सोळा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. बरं करत नाही, वाढीचा वेग कमी करतं. फार महाग आहे. तुमच्या डॉक्टरांशी नक्की बोला. भारतात दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे, तिथे नाव नोंदवता येतं का ते विचारा.


विशेष_शिक्षिका

लेखनिकाच्या प्रश्नावर मी बोलते, हे माझं रोजचं काम.

आत्तापासून घ्या. दहावीला पहिल्यांदा लेखनिक मिळालेली मुलं गोंधळतात, कारण लिहिणं आणि सांगून लिहून घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गणित तोंडी सांगून बघा एकदा: 'कंस चालू, दोन एक्स वजा तीन, कंस पूर्ण, वर्ग.' भूमितीची आकृती सांगणं तर त्याहून अवघड. आठवीच्या घटक चाचणीपासून सराव केला तर दहावीपर्यंत तिला सफाई येईल. आणि तिचं स्वतःचं लिहिणं पूर्ण थांबवू नका. सही, छोटी उत्तरं, स्वतःची डायरी चालू राहू दे. टायपिंगही शिकवायला घ्या.

केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे तिन्ही आहे. भाषेची सूट लगेच घेऊ नका, तिला भाषा आवडत असेल तर उगीच कशाला काढायची.

प्रमाणपत्राचं मात्र आजच सुरू करा. यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिलमध्ये तपासणी. 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार' असा गट २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे, तो अर्जात निवडा. तिथे काय होतं ते मला माहीत आहे: "चालतेय की, मग चाळीस टक्के अपंगत्व कसं देऊ?" असं ऐकावं लागतं. न्यूरॉलॉजिस्टांच्या पत्रात हा आजार वाढणारा आहे, हाताच्या हालचालींवर, बोलण्यावर काय परिणाम झालाय, हे सविस्तर असू द्या. तिच्या वहीची जुनी आणि नवी पानं सोबत न्या. दोन पानं शेजारी ठेवली की समजावून सांगावं लागत नाही.

आणि चाळीस टक्क्यांच्या खाली आलं तरी हात टेकू नका. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सांगितलं की लिहिण्याची अडचण असेल तर लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. विकास कुमार यांना रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा, तोही मज्जासंस्थेचाच आजार. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. तुमच्या शाळेला हे माहीत नसेल, बहुतेक शाळांना नसतं. प्रत छापून द्या.


अबोली

वर्गातल्या मुलांना सांगण्याबद्दल अजून कळत नाहीये. नवऱ्याचं म्हणणं, सांगू नको, सगळे कीव करतील. आणि लेकीला पुढचं किती सांगायचं? परवा तिने विचारलं, "आई, मी कॉलेजला चालत जाणार का गं?" मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेले.


चाकांवरचा

ताई, तिला माहीत आहे. तिच्याकडे फोन असेल, तिने आजाराचं नाव टाकून बघितलेलं असेल. मी सायबर कॅफेत जाऊन बघितलं होतं, पंधराव्या वर्षी, एकट्याने. आईबाबांना त्रास होऊ नये म्हणून मला माहीत नाही असं दाखवायचो, आणि ते मला त्रास होऊ नये म्हणून काही नाही असं दाखवायचे. चार वर्षं आम्ही तिघं एकाच घरात एकमेकांपासून तेच लपवत होतो. सगळं एकदम सांगू नका. पण विचारेल त्याला खरं उत्तर द्या. "कदाचित नाही. पण कॉलेजला जाणार." एवढं पुरतं.

वर्गाला सांगायचं की नाही हे तिला ठरवू दे. ती वर्गात असताना सांगायचं की नसताना, कोण सांगणार, काय सांगायचं नाही, हे सगळं तिने ठरवायचं.


झेडपी_मास्तर

+१. आणि सांगताना 'बिचारी' हा शब्द बाईंच्या तोंडून येता कामा नये. आम्ही मुलांना एका पायावर, डोळे मिटून उभं केलं होतं. एक मिनिटात सगळा वर्ग डुलायला लागला. मग म्हटलं, त्याला दोन पायांवर असं होतं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात त्याला कुणी ढकललं नाही.


अबोली

धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी.

शनिवारी शाळेत बसलो. मी, नवरा, मुख्याध्यापिका, वर्गबाई आणि गट साधन केंद्राच्या मॅडम. एक पानाचा कागद नेला होता. आठवी 'ब' खाली येणार, हे जागच्या जागी ठरलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मला वाटलं होतं तिला त्रास नको, म्हणून घरी म्हटलं. हे एवढंच लागतं हे माहीत नव्हतं." कमोडची खुर्ची आम्ही देणार, दांडी शाळा बसवणार. जिन्याला रंग मारायचं मे महिन्यात. लेखनिक घटक चाचणीपासून. हवं ते सगळं मिळालं असं नाही, संगणक कक्ष वरच राहणार आहे आणि सहल कशी करायची यावर काहीच ठरलं नाही. सिव्हिलची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

वर्गाला तिनेच सांगितलं, मैत्रिणीला शेजारी उभं करून. काय सांगितलं ते मला सांगितलं नाही. वर्गबाईंचा फोन आला की आता परिपाठाला ती शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसते, आणि दोन मुली आपणहून तिच्याबरोबर बसतात. डोळे उघडे ठेवले तरी चालतात.

चाकांवरचा, एक विचारायचं होतं. तिने हा धागा वाचलाय, मी वाचू दिला. तिला तुमच्याशी बोलायचंय. जीएसटीचं काम घरून कसं करतात, ते विचारायचंय म्हणे. तुम्हाला चालेल का?


चाकांवरचा

चालेल. नंबर व्यनिने पाठवलाय. रविवारी चारनंतर करायला सांगा, सकाळी माझा व्यायाम असतो. फोनवर माझं बोलणं अजून जड येतं, तिला आधी सांगून ठेवा. व्हिडिओ कॉल केला तर बरं, तोंड दिसलं की शब्द लवकर कळतात. तिलाही आणि मलाही.